काळ्या रानासाठी मेटल डिटेक्टर कसा निवडावा

परभणी किंवा जालन्याच्या खोल काळ्या रानात मेटल डिटेक्टर सुरू करून त्याची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची वेटोळ्यांची चकती, जमिनीजवळ नेली, की खाली धातूचा कणही नसताना अनेक यंत्रे कुरकुरू लागतात. दुकानात वीतभर अंतरावरून नाणे ओळखणारे तेच यंत्र शेतात जेमतेम चार बोटे खोल पुरलेल्या नाण्यावरून मुकाट्याने पुढे जाते. यंत्र बिघडलेले असतेच असे नाही. आपली बहुतेक जमीन दख्खनच्या बसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली आहे आणि त्या खडकातील मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजे मातीतही उतरलेली आहेत. यंत्राला धातूचा आणि मातीचा असे दोन्ही प्रतिसाद एकाच वेळी मिळतात; त्यांतून मातीचा आवाज बाजूला सारून धातूचा तेवढा निवडून काढण्याची ताकद ज्या यंत्रात कमी, ते आपल्याकडे कुचकामी ठरते. परदेशातील कुरणांवर किंवा समुद्राच्या वाळूत घेतलेल्या चाचण्या पाहून यंत्र मागवणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. म्हणून यंत्रांची तुलना आपल्या मातीवरून करावी, आणि ती कशी करावी हे पुढे सविस्तर सांगितले आहे.

मात्र त्याआधी कायद्याविषयी बोलणे भाग आहे, कारण कुठे आणि काय शोधायचे हे ठरल्याशिवाय कोणते यंत्र हवे हे ठरत नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा, म्हणजे इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट, आजही लागू आहे. जमिनीत दडलेली आणि १० रुपयांपेक्षा अधिक किमतीची मौल्यवान वस्तू ज्याला सापडेल, त्याने ती काय आहे, तिची अंदाजे किंमत किती, ती कोणत्या जागी व कोणत्या तारखेला सापडली, हे शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ती वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा तिच्यासाठी तारण द्यावे लागते. पुढे चौकशीत ती बेवारस ठरली आणि शोधणारा व जागेचा मालक यांच्यात आधी काही ठरलेले नसले, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. सरकारला ती स्वतःकडे ठेवायची असल्यास धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देऊन घेता येते. जो कळवत नाही त्याचा वाटा सरकारजमा होतो, आणि त्याला १ वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याखेरीज १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांपेक्षा जुने नाणे किंवा मूर्ती हा पुरावशेष ठरतो; त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि तो खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. संरक्षित किल्ले, लेणी, मंदिरे आणि त्यांच्या हद्दीत परवान्याशिवाय खोदता येत नाही. दौलताबादच्या तटाखाली किंवा नळदुर्गच्या आवारात यंत्र घेऊन फिरणे म्हणजे छंद नव्हे.

कायद्याच्या पाट्या लागलेल्या नसतात अशी एक जागा मात्र प्रत्येक गावात असते, आणि तिच्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. आपल्याकडे गावाची जमीन काळी आणि पांढरी अशी ओळखली जाते. काळी म्हणजे पिकाचे रान आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. जुनी वस्ती उठून गेलेल्या ठिकाणी राखट, पांढुरक्या मातीचे टेकाड उरते, आणि नांगरताना तिथे खापरे, मणी, क्वचित शिशाची नाणी वर येतात. तेर, पैठण आणि भोकरदन इथल्या अशाच टेकाडांनी सातवाहन काळातील नगरांची माहिती दिली. तेर म्हणजे प्राचीन तगर, पैठण म्हणजे प्रतिष्ठान आणि भोकरदन म्हणजे भोगवर्धन. टेकाडातील नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी होते यावरून त्या थराचा काळ ठरतो. यंत्राने वाजलेले नाणे खुरप्याने उपसून काढले की नाणे हाती येते आणि थराची साक्ष कायमची पुसली जाते. पांढरीवर आणि पडक्या गढ्यांवर मी यंत्र नेत नाही, आणि वाचकांनीही नेऊ नये. तिथे कोणी गुप्तधनाच्या नावाने मांत्रिक घेऊन आलाच, तर गुप्तधनासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी प्रकारांवर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात शिक्षेची तरतूद आहे, हेही लक्षात असू द्यावे.

मग उरते काय? उरते ते पुष्कळ आहे. स्वतःचे किंवा मालकाच्या लेखी परवानगीचे पिकाचे रान, आखाड्याचा, म्हणजे शेतातल्या गोठा-वस्तीचा परिसर, जुनी पांदण, बाजार भरायचा तो माळ. तिथे कापूस वेचताना पडलेली जोडवी, निंदणीत तुटलेले डोरले, पैंजणाचा तुकडा, निजामाच्या राजवटीतील हाली नाणी, १९४३ ते १९४७ या काळातला भोकाचा पैसा अशा वस्तू असतात. हरवलेली वस्तू तिच्या धन्याला परत मिळवून देणे हा या छंदाचा सर्वांत निर्मळ भाग आहे, आणि यंत्र निवडताना मी तोच उपयोग डोळ्यांपुढे ठेवतो.

आता यंत्राकडे वळू. हौशी माणसाच्या हाती येणारी बहुतेक यंत्रे व्हीएलएफ, म्हणजे अतिशय कमी फ्रिक्वेन्सीच्या प्रकारची असतात. त्यांच्या कॉइलमधील एक वेटोळे सतत बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. त्यामुळे धातूत भोवरा प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, निर्माण होतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र तयार होते आणि ते दुसरे वेटोळे टिपते. परत आलेल्या लहरीला किती विलंब झाला यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते आणि पडद्यावर एक अंक दाखवते. याला टार्गेट आयडी म्हणतात. दुसरा प्रकार पल्स इंडक्शनचा. त्यात झटके सोडून ते विरण्यास किती वेळ लागतो हे मोजले जाते. खनिजयुक्त मातीचा त्याला फारसा त्रास होत नाही, म्हणून काळ्या मातीसाठी हेच यंत्र योग्य असे वरवर वाटते; परंतु लोखंड आणि इतर धातू यांत तो नीट फरक करू शकत नाही. आपल्या शेतात वखराच्या पासेचे तुकडे, बैलाच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्या, तारेचे तुकडे, ट्रॅक्टरचे नट-बोल्ट इतके असतात, की पल्स यंत्र घेऊन उतरणारा माणूस दिवसभर भंगार उकरत राहील. सोन्याच्या खाणपट्ट्यात त्याला मोल आहे. मराठवाड्यात हौसेसाठी मी ते सुचवणार नाही.

व्हीएलएफ यंत्रांची तुलना करताना सर्वांत आधी पाहावा तो ग्राउंड बॅलन्स. मातीचा प्रतिसाद शून्यावर आणण्याची ही सोय असते आणि तिचे तीन प्रकार आढळतात. काही यंत्रांत ती कारखान्यातच ठरवून दिलेली असते, काहींत यंत्र ती आपोआप सांभाळते, आणि काहींत बटण दाबून, कॉइल जमिनीपासून वीतभर उंचावरून दोन-तीन बोटांपर्यंत सावकाश खालीवर करून ती आपल्या हाताने साधता येते. काळ्या रानासाठी तिसरा प्रकार असलेले यंत्रच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच शेतात वरच्या अंगाला मुरमाड बरड आणि खालच्या अंगाला कमरेएवढी काळी असते. बांध ओलांडला की बॅलन्स पुन्हा करावा लागतो, आणि ती सोय हाती नसली तर यंत्राची संवेदनशीलता कमी करून खोली गमावण्यावाचून उपाय राहत नाही. देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइटवरची जमीन आहे. तिथे हा त्रास तुलनेने कमी जाणवतो, त्यामुळे तिकडच्या वाचकाला साधे यंत्रही चालून जाईल.

त्यानंतर कॉइल. कॉन्सेंट्रिक कॉइलमध्ये वेटोळी एकात एक गोल असतात आणि तिचा शोधपट्टा खाली निमुळता होत जातो; डबल-डी कॉइलमध्ये दोन वेटोळी मध्यभागी एकमेकांवर येतात आणि शोधपट्टा पात्यासारखा उभा, अरुंद असतो, त्यामुळे एका वेळी कमी माती तिच्या टप्प्यात येते. खनिजयुक्त जमिनीत म्हणूनच डबल-डी अधिक स्थिर चालते. सुमारे २८ सेंटिमीटरची कॉइल सर्वसाधारण कामाला योग्य. आखाड्याभोवती खिळे फार असतील तिथे १५ सेंटिमीटरच्या आसपासची लहान कॉइल दोन वस्तू वेगळ्या ओळखून देते. मोठी कॉइल खोल जाते हे खरे, पण ती मातीही अधिक पाहते, आणि आपल्याकडे तो फायदा बराचसा मातीतच जातो.

फ्रिक्वेन्सीचे, म्हणजे कॉइलचे क्षेत्र सेकंदाला किती वेळा बदलते याचे, गणित सोपे आहे. ५ ते ८ किलोहर्ट्झसारख्या खालच्या फ्रिक्वेन्सीवर चांदी-तांब्याच्या, मोठ्या वस्तू अधिक खोलीवर कळतात. १५ ते २० आणि त्याहून वर बारीक सोने व नाजूक साखळ्या कळतात, परंतु खनिजांचा त्रासही वाढतो. हाली रुपया आणि नाकातली चमकी या दोन्हींसाठी एकच यंत्र सारखेच चांगले असणे अवघड आहे. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी यंत्रे ही अडचण बरीच कमी करतात आणि त्यांची किंमतही त्या मानाने चढी असते.

टार्गेट आयडीवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. बारीक सोन्याची अंगठी आणि गोळ्यांच्या पाकिटाची ॲल्युमिनियमची चुरगळलेली पन्नी यांचे अंक जवळजवळ सारखेच येतात, कारण यंत्र धातूचे नाव ओळखत नाही. वस्तूची विद्युतवाहकता आणि आकार यांचा एकत्रित परिणाम ते दाखवते. त्यामुळे डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळण्याची सोय, वाढवून पाकिटांचा कचरा गाळला, की अंगठीही गाळली जाते. आपल्या नाण्यांबाबत आणखी एक गोष्ट परदेशी माहितीत सापडणार नाही. १ आणि २ रुपयांची अलीकडची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची आहेत. लोखंड गाळण्याची सोय चालू ठेवली तर ती अडखळत वाजतात किंवा वाजतच नाहीत. उलट २० पैशांचे जुने षट्कोनी ॲल्युमिनियमचे नाणे हलके असूनही खणखणीत बोलते.

या कसोट्यांवर बाजारातील काही परिचित यंत्रे पाहू. गॅरेटच्या एस ३०० मध्ये ८ किलोहर्ट्झची फ्रिक्वेन्सी, कॉन्सेंट्रिक कॉइल आणि कारखान्यात ठरवलेला ग्राउंड बॅलन्स आहे; शिकायला ते अत्यंत सोपे आहे, पण खोल काळ्या मातीसाठी त्याची रचना सोयीची नाही. त्याच कंपनीचे एटी प्रो १५ किलोहर्ट्झवर चालते, त्याला डबल-डी कॉइल आणि हाताने साधता येणारा बॅलन्स आहे, आणि ते सुमारे ३ मीटर पाण्यात नेता येते. तुर्कस्तानच्या नोक्टाचे सिम्प्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झचे असून त्यात २८ सेंटिमीटरची डबल-डी कॉइल, हाताने साधता येणारा ग्राउंड बॅलन्स, ३ मीटरपर्यंत पाण्यापासून संरक्षण आणि आतच बसवलेली, चार्ज होणारी बॅटरी आहे, वजन १.३ किलो. पहिल्या यंत्रासाठी मी बहुतेकांना याच वर्गातले यंत्र सुचवतो. ऑस्ट्रेलियाच्या माइनलॅबची व्हँक्विश मालिका एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरते आणि मातीचा हिशेब स्वतःच करते. तिच्यात आपण हाताने बॅलन्स करू शकत नाही, तरीही अनेक फ्रिक्वेन्सींमुळे ती खनिजयुक्त जमिनीत एका फ्रिक्वेन्सीच्या साध्या यंत्रापेक्षा शांत राहते. तिची कॉइल पाण्यात चालते, वरची पेटी मात्र जलरोधक असल्याची खात्री केल्याशिवाय भिजू देऊ नये. त्याच कंपनीच्या इक्विनॉक्स मालिकेत अनेक फ्रिक्वेन्सी, हाताने होणारा बॅलन्स आणि जलरोधकता हे तिन्ही एकत्र मिळते. ज्याला खर्च झेपतो आणि जो आठवड्यातून एकदा तरी रानात उतरणार आहे, त्याने तिकडे पाहावे. वर्षातून दोनदा यंत्र काढणाऱ्याने तो पैसा पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा हातात मावणारा लहान डिटेक्टर), चांगले हेडफोन आणि मजबूत खुरपे यांवर घालावा.

कागदावरची ही तुलना पुरेशी नाही. विकत घेण्यापूर्वी, निदान परतीची मुदत संपण्यापूर्वी, आपल्याच रानात नमुना वाफा करावा. जिथे यंत्र सर्व धातूंच्या मोडवर शांत राहते अशी दोन-तीन मीटर लांबीची पट्टी शोधावी आणि तिच्यात हातभर अंतराने तांब्याचा जुना पैसा, चांदीचे जोडवे, ५ रुपयांचे पितळी नाणे, गोळ्यांच्या पाकिटाचा चुरगळा आणि एक खिळा पुरावा. नाणी १०, १५ आणि २० सेंटिमीटरवर तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावीत आणि प्रत्येकाची जागा व खोली वहीत लिहून ठेवावी. मग प्रत्येक यंत्र आधी ग्राउंड बॅलन्स करून, कॉइल जमिनीला समांतर आणि दोन बोटे वर धरून, त्याच वेगाने फिरवावे. किती खोलीवर आवाज आला यापेक्षा तो दोन्ही दिशांनी आणि उभे-आडवे फिरवून सारखाच आला का, अंक स्थिर राहिला का, आणि रिकाम्या मातीवर यंत्र किती वेळा खोटे बोलले, हे नोंदवावे. शेवटी नाण्याशेजारी खिळा ठेवून पुन्हा पाहावे. आखाड्याच्या परिसरात जे यंत्र खिळ्याशेजारचे नाणे सांगते तेच उपयोगी. चाचणी शक्यतो वाफसा आल्यावर घ्यावी. चिखलात कॉइलला माती लडबडते आणि एप्रिलच्या वाळलेल्या रानात जमिनीला भेगा पडलेल्या असतात, त्यावरून कॉइल गेली की पोकळीमुळे मातीचा प्रतिसाद अचानक बदलतो आणि यंत्र दचकल्यासारखे वाजते.

भेगांचा विषय निघाला म्हणून माझा एक अनुभव सांगतो. माझ्या मामींचे एक जोडवे कापूस वेचताना पडले. त्या कापसाच्या कोणत्या ओळीत होत्या हे त्यांना नेमके आठवत होते, तरी दोन दिवस शोधून हाती काही लागले नव्हते. त्या काळात माझ्याकडे ठरीव बॅलन्सचे एक स्वस्त, कोणाचे नावही नसलेले यंत्र होते. ते त्या रानात इतके वाजत राहिले, की तासाभरात मी ते बंद केले. पुढच्या आठवड्यात मित्राचे हाताने बॅलन्स होणारे यंत्र आणले. पऱ्हाटीच्या दोन झाडांमध्ये एक क्षीण पण स्थिर आवाज मिळाला. वरून पाहिले तर बोटभर रुंदीची भेग आणि तिच्यात वाळलेली पाने. मी खुरप्याने भेगेच्या एका काठाचे ढेकूळ अलगद सुटे केले, ते कॉइलसमोर फिरवले, ते मुके निघाले. मग पिनपॉइंटर भेगेत घातला आणि वीतभर खोलीवर तो थरथरला. जोडवे आडवे पडलेले नव्हते, भेगेच्या भिंतीला उभे चिकटलेले होते. उभ्या पडलेल्या कड्याचा आवाज नेहमीच क्षीण येतो, हे मला त्या दिवशी कळले. खोल काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसून फाटते, वरची वस्तू भेगेतून खाली जाते आणि पुढच्या पावसात भेग मिटते. म्हणून आपल्या रानात हरवलेली वस्तू लवकर शोधावी. दोन पावसाळे गेले तर ती यंत्राच्या टप्प्याबाहेर गेलेली असण्याची शक्यता मोठी.

आता टप्प्याविषयी. चांगले व्हीएलएफ यंत्र नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर, अनुकूल जमिनीत थोडी अधिक खोलीवर सांगते. घागरीएवढी वस्तू त्याहून खोल कळते, पण तीही साधारण मीटरभराच्या हिशेबातली. त्यामुळे ५० फूट खोलीचे आणि शेताच्या बांधावरून सोने दाखवणारे म्हणून जे हाती धरायच्या दांड्यांचे संच विकले जातात, ते घेऊ नयेत. त्यांत भोवरा प्रवाह मोजणारे काहीच नसते. एडीई ६५१ नावाचे असेच एक यंत्र बॉम्बशोधक म्हणून अनेक देशांना विकले गेले होते. त्याचे मूळ गोल्फचे चेंडू शोधण्याच्या एका खेळण्यात होते, आणि त्याच्या ब्रिटिश विक्रेत्याला २०१३ मध्ये १० वर्षांची कैद झाली. जिथे लष्करे फसली, तिथे गुप्तधनाच्या आशेने शेत गहाण टाकणारा माणूस फसणे किती सोपे आहे, याचा विचार करावा.

खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासह करावी. नामांकित यंत्रांच्या हुबेहूब नकला विकल्या जातात आणि त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी कोणी घेत नाही. म्हणून यंत्रावरचा अनुक्रमांक कंपनीच्या नोंदीशी जुळतो का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. सुट्या कॉइल, कॉइलचे झाकण आणि दांड्याचे स्क्रू इथे मिळतात का हेही विचारावे, कारण काळ्या मातीतील कंकरांवर कॉइल घासून सर्वांत आधी झाकणच झिजते.

रानात गेल्यावर निघालेले भंगार परत मातीत टाकू नये. खिळे, तारेचे तुकडे, पत्र्या एका पिशवीत भरून बांधावर मालकाच्या हाती द्याव्यात आणि खड्डा होता तसा दाबून बुजवावा. त्याच लोखंडाने ट्रॅक्टरचे टायर फुटतात आणि बैलांचे खूर चिरतात, त्यामुळे ती पिशवी पाहिलेला शेतकरी पुढच्या वर्षी पऱ्हाटी उपटून झाली की आपण होऊन निरोप धाडतो.